जुनी सॅन स्टॉर्म गरम झाली की बंद पडते आणि रेस दिली की हिसका खाते, नेमकं काय तपासायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: 2000 सालची सॅन स्टॉर्म, म्हणजे ती दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, गाडी बेळगावातच असते, सकाळी एका सेल्फला चालू होते. चांगली गरम झाली की गोगटे सर्कलला सिग्नलवर, नाहीतर गोव्याहून येताना साखळी सोडून चोर्ल्याचा चढ लागला की गपकन बंद. बॉनेट उघडून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू, जसं काही झालंच नाही. आणि दुसरं, रेस दाबली की आधी एक हिसका मग पिकअप. प्लग, प्लगच्या वायरी, पेट्रोल फिल्टर आणि आता पंपसुद्धा नवीन घातला तरी तेच.

मी उद्यमबागला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, पोटापाण्याला ट्रक आणि पिकअप, पण जुन्या गाडीची वायरिंग समोर आली की जेवण विसरतो असं घरचे म्हणतात. आता माझं मत सांगतो. बंद पडणं आणि हिसका ही दोन वेगळी दुखणी असायची शक्यता जास्त आहे, आणि दोन्हीला एकच पार्ट जबाबदार आहे असं धरून बदलत बसलात तर पैसे जाणार. आणि बंद पडण्याचं कारण गाडी चालू असताना शोधून सापडत नाही ओ, ती मेलेली असताना त्या दहा मिनिटांतच बघायला लागतं. गॅरेजला नेईपर्यंत ती थंड होते, तिथं छान चालते, मग मेकॅनिक अंदाजाने काहीतरी बदलतो, त्यात त्याचीही काय चूक.

आधी हे आठवा की ती मरते कशी. किल्ली फिरवून बंद केल्यासारखी एकदम, की आधी दम लागल्यासारखी दोन-चार हिसके खात, पिकअप सोडत सोडत? एकदम गेली तर करंटचा प्रॉब्लेम, हळूहळू गेली तर पेट्रोलचा, असं ढोबळ धरून चाला. अजून एक खूण. चढाला बंद पडते तेव्हा गाडी अजून गिअरमध्ये असते, चाकं इंजिनला फिरवत असतात, त्या क्षणी आरपीएमचा काटा बघायचा. इंजिन फिरतंय आणि काटा सरळ शून्यावर पडला तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरलाच (ठिणगी आणि पेट्रोल सांभाळणारा गाडीतला डबा) कळत नाहीये. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळू खाली आला तर करंट आहे, पेट्रोलकडे जा. शेजारी कुणाला तरी बसवा आणि काट्यावर नजर ठेवायला सांगा, घाटात तुम्ही रस्ता बघा.

बंद पडल्यावर बाजूला घेऊन तीन गोष्टी करायच्या, त्यासाठी गाडीत एक जुना प्लग, एक जंपर वायर आणि मल्टिमीटर कायम ठेवा. किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका, कान मागे. पंपाचा गूं आवाज दोनेक सेकंद येऊन थांबतो, तो आला का? मग एका प्लगची वायर काढून त्यात जुना प्लग बसवा, प्लगची लोखंडी बाजू जंपर वायरने इंजिनच्या ब्लॉकला जोडा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, ठिणगी येते का बघा, आणि सेल्फ मारताना पंप चालतो का तेही ऐका. प्लग हातात धरायचा नाही आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नको.

इथं या गाडीतली खरी गोम आहे. सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरची. मेकॅनिक सवयीने प्लग बॉडीला टेकवतो, फायबरमधून अर्थ कुठून मिळणार, ठिणगी दिसत नाही, आणि तो म्हणतो कॉईल (ठिणगीचा करंट बनवणारी) गेली. म्हणून ब्लॉकलाच जोडायचा, रंग नसलेल्या लोखंडाला.

आता अर्थ लावायचा. ठिणगी नाही, आणि सेल्फ मारताना पंपही चालत नाही, म्हणजे दोन्ही एकदम गेलं, पण नुसती किल्ली ऑन केल्यावर ते दोन सेकंदांचं गूं मात्र येतंय, तर माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या सेन्सरवर. ही 1149 सीसीची रेनोची मोटर आहे, डी7एफ, त्या काळात रेनोच्या छोट्या गाड्यांत भरपूर वापरलेली, आणि तिचा हा सेन्सर गिअरबॉक्सच्या बेलहाऊसिंगवर (इंजिनला जोडलेल्या पुढच्या कव्हरवर), फ्लायव्हीलचे, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाचे दात वाचत बसलेला असतो. आत बारीक तारेचं वेटोळं. वय झालं की गरम झाल्यावर आतली तार तुटक होते, थंड झाली की परत जुळते, म्हणून तर दहा-पंधरा मिनिटांचा हिशोब जमतो. सेन्सरने सांगितलं नाही तर कॉम्प्युटर कॉईलही मारत नाही आणि पंपही चालवत नाही, त्याच्या लेखी इंजिन थांबलेलंच आहे. किल्ली ऑन केल्यावरसुद्धा पंपाचा आवाज आला नाही तर मात्र सेन्सर सोडा, मेन रिले, फ्यूज नाहीतर किल्लीचा स्विच बघा. रिलेच्या आत झाळलेले टाके गरम होऊन सुटतात, रिले काढून झाकण उघडलं की टाक्याभोवती बारीक गोल चीर दिसते, उजेडाला धरून बघायची.

सेन्सरची परीक्षा रस्त्यावरच होते. गाडी मेलेली असतानाच ओल्या फडक्याने तो सेन्सर थंड करा, मिनिटभर. नेहमी पंधरा मिनिटं घेणारी गाडी लगेच चालू झाली तर पुढं शोधायची गरज नाही. मल्टिमीटर असेल तर सॉकेट काढून ओहम बघा, चांगल्या सेन्सरला काही शे ओहम दिसतात, गरम असताना काटा अनंतावर गेला तर मेलाय. पण नवीन मागवायच्या आधी आहे तोच काढून टोक पुसा, त्यावर लोखंडाचा चुरा काळ्या लोण्यासारखा चिकटलेला असतो, आणि सॉकेटच्या पिना स्प्रेने साफ करून थोड्या घट्ट करा. कितीतरी वेळा एवढ्यावरच भागतं.

पंप गप्प, ठिणगी मात्र झकास, असं निघालं तर ऐका. तुम्ही पंप नवीन घातलाय ना, मग त्या पंपापर्यंत करंट किती पोचतोय हे कुणी मोजलं का? माझी पैज आहे नसणार. लोखंडी बॉडीच्या गाडीत अख्खी बॉडीच निगेटिव्ह वायरचं काम करते. फायबरच्या गाडीत प्रत्येक लाईटला, पंपाला, सेन्सरला परतीची वायर वेगळी ओढावी लागते, त्या सगळ्या दोन-चार ठिकाणी चॅसीला बोल्टने बांधलेल्या असतात, आणि पंचवीस वर्षं गोव्याची खारी हवा आणि खानापूर-कणकुंबीचा पाऊस खाल्ल्यावर त्या बोल्टांचं काय झालं असेल ते तुम्हीच सांगा. वरून थिंबल (वायरच्या टोकाचं दाबलेलं कडं) चकचकीत दिसतं, बोल्ट सोडलात की खालून हिरवी भुकटी. वायरची रबर दोन बोटं सोलून बघा, तांबं लाल असायला पाहिजे, काळं पडलेलं असलं तर तेवढा तुकडा कापून नवीन थिंबल दाबायचं.

मोजायचं कसं, तर ओहमवर नाही, व्होल्टवर. ओहमवर सगळं चांगलंच दिसतं कारण करंट वाहतच नसतो, एक तार जरी शाबूत असली तरी मीटर खूश. इंजिन चालू, हेडलाईट, फॅन, जे काय आहे ते सगळं ऑन. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, खांबावरच, क्लॅम्पवर नाही. लाल वायर आधी इंजिनच्या ब्लॉकला, मग चॅसीला, मग कॉम्प्युटरच्या अर्थ वायरला, मग पंपाच्या निगेटिव्हला. कुठंही 0.1-0.2 व्होल्टच्या वर दिसायला नको. सेल्फ मारताना ब्लॉकला थोडं जास्त दिसेल, पण अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिनची अर्थिंग पट्टी बदला. मग पंपाच्या दोन्ही पिनांवर मिळून किती व्होल्ट आहेत ते बघा, पंप चालू असताना. बॅटरीला 13.8 आणि पंपाला 11 असं निघालं तर नवीन पंपसुद्धा चढाला पेट्रोल पुरवणार नाही. गार असताना कसंबसं भागतं, गरम झाल्यावर खराब जॉइंटचा अडथळा अजून वाढतो, व्होल्ट अजून पडतात. आणि अर्थिंग खराब असली की सेन्सरांचे आकडेही कॉम्प्युटरला चुकीचे पोचतात, म्हणून तुमच्या गाडीत मी बाकी कशाला हात लावायच्या आधी एक रविवार सगळ्या अर्थिंगवर घालवला असता, पॉलिश पेपर आणि थोडं व्हॅसलीन, खर्च काहीच नाही.

अजून एक फुकटातली टेस्ट. बंद पडली की टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच चालू झाली तर टाकीची हवेची नळी तुंबलीय, पेट्रोल उपसलं जाईल तशी आत पोकळी होऊन पंपाला ओढता येत नाही.

आता हिसका. हा गार गाडीतही येतो का हे तुम्ही लिहिलं नाही, ते महत्त्वाचं आहे. रेस एकदम दाबली की हवा पटकन आत जाते आणि पेट्रोल त्या मानाने मागे राहतं, हिसका म्हणजे बहुतेक वेळा ही तेवढ्या क्षणाची पेट्रोलची कमतरता. तेव्हा बघायचं ते असं की मॅनिफोल्डवरच्या रबरी नळ्या वाकवून बघा, नुसतं बघून चालत नाही, वाकवल्यावरच चीर उघडते. खास करून मॅप सेन्सरला जाणारी बारीक नळी, इंजिनवर किती लोड आहे हे कॉम्प्युटरला त्या नळीतल्या व्हॅक्युमवरून कळतं, ती फुटकी असली की त्याचा अंदाजच चुकतो. संशय असेल तिथं साबणाच्या पाण्याचा फवारा मारा, आयडलिंग बदललं तर तिथंच हवा ओढतेय. यूट्यूबवर कार्ब क्लीनर मारताना दाखवतात, गरम इंजिनवर आणि वर फायबरची बॉडी, पेटली तर विझवेपर्यंत शिल्लक काही राहत नाही, मी तरी मारत नाही.

नळ्या ठीक असल्या तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर, रेस किती दाबलीय हे कॉम्प्युटरला सांगणारा. यासाठी काट्याचा जुना मीटर घ्या, डिजिटलचे आकडे पळतात आणि कळत नाही. किल्ली ऑन, इंजिन बंद, सिग्नल वायरवर मीटर, आणि हाताने थ्रॉटल अगदी सावकाश उघडा. काटा साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत न अडखळता चढला पाहिजे. जिथं तुमचा पाय रोज असतो, म्हणजे पाव भागाच्या आत, तिथंच आतला ट्रॅक झिजलेला असतो आणि काटा एकदम खाली पडून परत वर येतो. असं झालं तर सेन्सर बदला, साफ करून फायदा नाही.

प्लग काढाल तेव्हा रंग बघा. काळे काजळी धरलेले असले तर पेट्रोल जास्त जातंय, मग कूलंट टेंपरेचर सेन्सर तपासा. गार असताना दोन-तीन हजार ओहम, इंजिन तापल्यावर दोन-तीनशे, तापूनही हजारातच राहिला तर कॉम्प्युटर इंजिन गारच आहे समजून जादा पेट्रोल सोडतोय, आणि सिग्नलला उभं राहिल्यावर गुदमरून बंद पडायचं कारण हेही असू शकतं. प्रेशर रेग्युलेटरची (पेट्रोलचं प्रेशर सांभाळणारा) व्हॅक्युम नळी काढून वास घ्या, आत पेट्रोल ओलं असलं तर आतला पडदा फाटलाय. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्हचा कार्बन तेवढा साफ करून टाका, त्याला कारण लागत नाही. स्कॅनरच्या नादाला लागू नका, बाजारात मिळतो तो ब्लूटूथवाला ओबीडी-2 चा, आपल्याकडं ते 2013 पासून सक्तीचं झालं, तुमच्या गाडीशी तो बोलणार नाही.

पेट्रोलचंही एक बोलतो. आपल्या जिल्ह्याचाच ऊस, आपल्याच कारखान्यांचं इथेनॉल, तक्रार कुणाकडं करायची! पण 2023 पासून ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, पंपांवर यायला लागलं आणि आता सगळीकडं तेच मिळतं, आणि तुमच्या गाडीच्या रबरी नळ्या त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. इथेनॉलने जुनं रबर आतून फुगतं, सोलतं, बाहेरून नळी ठणठणीत आणि आत सुटलेला पापुद्रा पेट्रोलच्या जोराने तोंडावर येऊन बसतो, गाडी बंद पडली की जोर संपून पापुद्रा बाजूला होतो. फिल्टर बदलताना नळ्या बदलल्या का? नसतील तर इंजेक्शनसाठीची, इथेनॉलला टिकणारी, एसएई 30आर9 छापलेली नळी मागा, कार्ब्युरेटरची साधी नळी दुकानदार देईल ती घेऊ नका, तिला एवढं प्रेशर झेपत नाही. आणि गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी होती का? इथेनॉल पाणी ओढतं. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर सगळी टाकी रिकामी करा.

पंपाचे व्होल्ट बरोबर असूनही चढाला दम तोडत असेल तर प्रेशर गेज लावूनच चालवायला लागेल, गेज काचेबाहेर वायपरखाली अडकवतात आणि शेजारचा बघतो. अशा इंजेक्शनच्या गाडीला साधारण अडीच ते साडेतीन बार असतं, रेस दाबल्यावर ते खाली पडायला नको. हे मात्र एकट्याने करू नका, गाडीत आग विझवायचा सिलिंडर ठेवा आणि चोर्ल्यात नको, जांबोटी रोडला सकाळी लवकर करा.

पंपाच्या पिनांवरचे व्होल्ट आणि बंद पडताना काटा कसा पडतो, ही दोन उत्तरं कळवा, मग पुढचं सांगतो. तोपर्यंत कॉईल विकत घेऊ नका.