स्पॅनिश भाषकांना इंग्रजी शब्द शिकवताना

आपण स्पॅनिश भाषकांना नव्यानेच इंग्रजी शिकवू लागला आहात, म्हणून शब्दसंग्रहाविषयी थोडे सांगतो. युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेली ए1 (अगदी प्राथमिक) ते सी2 (सर्वोच्च) ही भाषाज्ञानाच्या पातळ्यांची चौकट उपयुक्त आहे. मात्र सोपे शब्द आधी आणि अवघड शब्द नंतर, हा तिच्यावरून बांधला जाणारा अंदाज या विद्यार्थ्यांच्या बाबतीत बरेचदा उलटा पडतो. लॅटिनमधून आलेला 'टॉलरेट' त्यांना स्वतःच्या 'तोलेरार'मुळे न शिकवताही कळतो, पण त्याच अर्थाचा, रोजच्या बोलण्यातला 'पुट अप विथ' भल्याभल्यांना अडवतो. त्यामुळे 'गेट', 'पुट', 'टेक' यांपासून बनणाऱ्या जोडक्रियापदांना बी1पासूनच भरपूर वेळ द्यावा. 'मेक' आणि 'डू' यांचे घोटाळे त्याहून आधी निस्तरावेत, कारण त्यांच्याकडे दोन्हींसाठी बहुधा 'आसेर' हे एकच क्रियापद असते. नियम सांगत बसण्यापेक्षा 'मेक अ मिस्टेक', 'डू होमवर्क' असे अख्खे शब्दसमूहच पाठ करून घ्यावेत. दिसायला सारख्या पण अर्थाने वेगळ्या, अशा फसव्या जुळ्या शब्दांची वही मात्र पहिल्या दिवसापासून असावी. स्पेनमध्ये 'कोन्स्तिपादो' म्हणजे सर्दी झालेला, तर इंग्रजी 'कॉन्स्टिपेटेड' म्हणजे बद्धकोष्ठ झालेला. माझा एक विद्यार्थी नाक पुसत 'आय अॅम कॉन्स्टिपेटेड' म्हणाला, तेव्हा मी त्याला इसबगोल सुचवून मोकळा झालो होतो.