सिग्नलला बंद पडणारी गाडी

प्रश्न : माझी 2012 सालची पेट्रोल हॅचबॅक सुमारे 90,000 किलोमीटर चालली आहे. सिग्नलला थांबले की इंजिन थरथरते आणि बंद पडते. एसी चालू असेल तर हमखास. चावी फिरवली की लगेच सुरूही होते. खंबाटकीचा घाट मात्र गाडी विनातक्रार चढते. स्पार्क प्लग बदलून झाले, आता गॅरेजवाले पेट्रोल पंप बदलायला सांगत आहेत. बदलावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पंपाचा खर्च तूर्त करू नये. पंपाचा जोर कमी झाला, तर ती उणीव सहसा आधी घाटात, म्हणजे इंजिनला भरपूर पेट्रोल लागते तेव्हा जाणवते. आपली गाडी घाट चढते आणि उभी असताना बंद पडते. त्यामुळे पहिला संशय पेट्रोलवर नव्हे, तर हवेवर घ्यायला हवा.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप जवळजवळ मिटते आणि इंजिन साधारण 700 ते 850 आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) चालू ठेवण्यापुरती हवा झडपेच्या कडेच्या फटीतून, तसेच आपल्या गाडीच्या काळातील अनेक मॉडेलांत आयडल व्हॉल्व्हच्या (गाडी उभी असताना लागणारी हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) अरुंद वाटेने आत जाते. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातून येणाऱ्या तेलकट वाफांचा काळा, चिकट थर नेमका इथेच साचतो. एसीचा कॉम्प्रेसर लागताच भार वाढतो, जास्त हवा लागते आणि ती वाट तुंबलेली असल्याने मिळत नाही. एअर फिल्टरकडचा रबरी पाइप काढून झडपेच्या कडेवर, अर्थात इंजिन बंद असताना, बोट फिरवून पाहावे. काजळी लागली तर थ्रॉटल बॉडी (ही झडप बसवलेला भाग) व तो व्हॉल्व्ह साफ करून घ्यावा आणि त्यानंतर गाडीच्या पद्धतीप्रमाणे आयडलिंग पुन्हा सेट करून घ्यावे. झडप किती मिटावी हे ठरवणारा स्टॉप स्क्रू पिळून आरपीएम चढवून देण्याची काही मेकॅनिकांची सवय असते. ते करू देऊ नये, कारण त्याने दुखणे फक्त झाकले जाते.

दुसरी शक्यता सहज नजरेतून सुटते : सिग्नलला आपला पाय ब्रेकवरही असतो. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, एसी बंद ठेवून चालू ठेवावी आणि ब्रेक दाबताना आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. काटा प्रत्येक वेळी ढासळत असेल किंवा पायाशी सूं असा आवाज येत असेल, तर ब्रेक दाबायला जोर पुरवणारा ब्रेक बूस्टर वा त्याचा व्हॅक्यूम पाइप हवा खात असावा. हा दोष ब्रेकशी संबंधित असल्याने तो सापडल्यास दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

पेट्रोल भरल्यानंतरच त्रास वाढतो का, हेही आठवून पाहावे. तसे असल्यास टाकीतील वाफा इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. इंजिनाच्या फिरण्याची नोंद घेणारा क्रँक सेन्सर बिघडल्यावर इंजिन अनेकदा तापल्यावर बंद पडते आणि निवेपर्यंत सुरू होत नाही, त्यामुळे आपल्या बाबतीत ती शक्यता कमी दिसते. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पेटलेला नसला तरी गाडीच्या संगणकातील दोषांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर एकदा लावून घ्यावा.

हे सारे पाहूनही दोष राहिलाच, तर मेकॅनिककडून आधी गेज लावून इंधनाचा दाब मोजून घ्यावा आणि तो कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी भरला, तरच फिल्टर तपासून पंपाला हात लावावा.