१८,००० किलोमीटर की ७८,०००?

प्रश्न : आठ वर्षं जुन्या दोन पोर्शे ९११ पाहून ठेवल्या आहेत. दोन्ही कॅरेरा एस, एकाच वर्षाच्या, दोन्ही मॅन्युअल गिअरच्या. एकीचं रनिंग १८,००० किलोमीटर आहे, दुसरीचं ७८,०००. दुसरी पहिलीपेक्षा ३० टक्क्यांनी स्वस्त आहे. गाडीसाठी म्हणून वेगळी साठवलेली रक्कम पहिलीच्या किमतीच्या ८० टक्के भरते, उरलेल्या २० टक्क्यांसाठी १० टक्के व्याजाने पाच वर्षांचं कर्ज मिळतंय. गाडी दर शनिवार-रविवारी चालवेन, वर्षाला साधारण ६,००० किलोमीटर, आणि पाच वर्षांनी विकेन. घरच्यांचं म्हणणं, घ्यायचीच तर कमी चाललेली घे, विकताना पैसे परत येतील. तुम्ही काय सांगाल?

उत्तर : ७८,००० किलोमीटरवाली घ्या, पण पुढे सांगते ते दोन कागद हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

घरच्यांचा सल्ला मुळात बरोबर आहे. कमी चाललेली स्पोर्ट्‌स कार विकताना खरंच जास्त पैसे देते. अट एकच : विकतानाही ती कमी चाललेलीच असायला हवी. तुम्ही तर वर्षाला ६,००० किलोमीटर चालवणार आहात. म्हणजे पाच वर्षांनी तुमच्या हातात ४८,००० किलोमीटर चाललेली, तेरा वर्षांची गाडी असेल. आज जे १८,०००चे जादा पैसे मोजाल, ते विकायच्या दिवशी तुम्हाला कोणी देणार नाही, कारण त्या दिवशी तुमच्याकडे विकायला १८,००० नसतीलच.

एक शब्द आधी स्पष्ट करते. मायलेज म्हटलं की आपल्या बोलण्यात लिटरमागे किती किलोमीटर, हेच मनात येतं. इथे प्रश्न रनिंगचा आहे, मीटरवरच्या आकड्याचा. घरगुती गाडीत हा आकडा झीज सांगतो आणि किंमत त्या झिजेप्रमाणे बऱ्यापैकी सरळ उतरते. स्पोर्ट्‌स कारमध्ये तो आणखी एक गोष्ट सांगतो : अशी न वापरलेली गाडी बाजारात किती दुर्मीळ आहे. त्यामुळे उतार सरळ राहत नाही. सुरुवातीचे किलोमीटर फार महाग पडतात, नंतरचे स्वस्त. ५,०००वरून २५,०००वर जाताना किंमत जेवढी घसरते, तेवढी १,००,०००वरून १,२०,०००वर जाताना घसरत नाही, अंतर तेवढंच असलं तरी. ही उतरण तीव्र असताना गाडीत बसणं म्हणजे सगळ्यात महागडे किलोमीटर स्वतः जाळणं. ७८,०००च्या गाडीत ते आधीच्या मालकाने जाळून झालेत.

आता तुमचा हिशोब मांडते. पहिलीची किंमत १०० भाग धरू, दुसरीची ७०. दोन गाड्यांमधल्या ६०,००० किलोमीटरसाठी बाजार आज ३० भाग मागतोय. उतार आधी तीव्र असतो म्हणून यातल्या पहिल्या अर्ध्याला, म्हणजे १८,००० ते ४८,०००ला, मी २० भाग देते आणि उरलेल्या अर्ध्याला १०. त्यापुढच्या ३०,००० किलोमीटरला ७ धरते. शिवाय दोन्ही गाड्या पाच वर्षांनी म्हाताऱ्या होतील, त्याचे पहिलीला ८ आणि दुसरीला ६ भाग. हे माझे अंदाज आहेत, बाजार यापेक्षा थोडा इकडे-तिकडे होईल.

पहिली गाडी १००ला घेऊन ७२ला विकली जाते, घसारा २८. दुसरी ७०ला घेऊन ५७ला, घसारा १३. पहिलीला २० भागांचं कर्ज, पाच वर्षांचं व्याज होतं साधारण साडेपाच भाग. दुसरीला कर्जच नाही. देखभालीत मात्र दुसरी जास्त खाणार, यात शंका नको. क्लच, शॉक ॲब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश, ब्रेकच्या डिस्क ही सगळी मंडळी ७८,०००च्या पुढे एकामागून एक हाक मारतात. तिला मी १२ भाग धरते, पहिलीला ५. बेरीज केली तर पहिली पाच वर्षांत ३८.५ भागांना पडते आणि दुसरी २५ला. दुसरीच्या देखभालीचा माझा अंदाज साफ चुकला आणि खर्च दुप्पट झाला, तरी ती ३७वर थांबते.

मला या हिशोबात सर्वांत जास्त खटकतं ते कर्ज. तुम्ही उसने घेताय नेमके ते २० भाग, जे तुमच्या पहिल्या ३०,००० किलोमीटरमध्ये विरघळणार आहेत. हप्ता भरून संपेल तेव्हा त्या पैशाने घेतलेली वस्तू शिल्लकच नसेल. दुसरी गाडी घेतलीत तर उलट १० भाग खात्यात राहतात. ते बाजूला ठेवा, दुसऱ्या कुठल्याही कामाला लावू नका. तोच तुमचा क्लच आणि सस्पेन्शनचा निधी. तो असेल तर गॅरेजचं बिल बघून धस्स होणार नाही.

तुम्ही वर्षाला जेमतेम १,००० किलोमीटर चालवणार असतात, तर मी वेगळं बोलले असते. तसा हिशोब केला की दोघींमधला फरक मोजक्याच भागांवर येतो, आणि मनासारख्या, कमी वापरलेल्या गाडीसाठी तेवढं मोजायला हरकत नाही. आणि गाडी मोजक्या संख्येने निघालेली असती तर प्रश्नच बदलला असता. २०१६ची ९११ आर घ्या. एकूण ९९१ गाड्या निघाल्या. तिथे मीटरवरचा आकडा झीज मोजत नाही, संग्राहकाची ओढ मोजतो. पण कॅरेरा एस ही चालवायची गाडी आहे, आणि तुम्हालाही ती चालवायचीच आहे.

कमी रनिंग म्हणजे निरोगी गाडी, हा समज मी स्वतः बाळगून होते, एका अशिलाची गाडी बघेपर्यंत. दहा वर्षांची, ९,००० किलोमीटर चाललेली, रंग आरशासारखा. टायरवरची नक्षी जवळपास पूर्ण खोल होती, म्हणून कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. मी वाकून टायरच्या कडेवरचा कोड वाचला. त्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात : २२१४ असेल तर २०१४चा बाविसावा आठवडा. त्या गाडीचे टायर गाडीइतकेच जुने निघाले. नखाने दाबलं तर रबर दबतच नव्हतं, लाकडासारखं कडक. अशा टायरवर ओल्या रस्त्यावर ती ताकद सोडायची म्हणजे जिवाशी खेळ. पहिल्याच वर्षात चार टायर, बॅटरी, गळणारे सील आणि कूलंटचे होज बदलावे लागले. ९,०००साठी त्यांनी जादा मोजलेल्या पैशात हे काहीच धरलेलं नव्हतं.

यामागचं कारण साधं आहे. रबर, ऑइल आणि ब्रेक फ्लुइड यांना मीटर कळत नाही, कॅलेंडर कळतं. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी उभी असली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. थोडंसं अंतर जाऊन परत उभी केलेली गाडी तर आणखी वाईट. इंजिन ऑइल कूलंटपेक्षा सावकाश तापतं. ते पुरतं तापायच्या आत गाडी बंद केली की त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून न जाता आतच राहतं. जुन्या फेरारी ३५५चं उदाहरण सगळ्यांत बोलकं. तिचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप जुळवून ठेवणारा पट्टा, काही वर्षांनी बदलावाच लागतो, गाडी चालो न चालो, आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवतात. तिथे वर्षाला ५०० किलोमीटर चालवणारा आणि ५,००० चालवणारा मालक तेच बिल भरतात.

तुम्ही बघताय त्या गाड्यांत टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, ही काळजी एक कमी. पण म्हणून डोळे मिटून ७८,०००वालीकडे धावू नका. रनिंग जास्त असलेली गाडी चांगली, असं मी म्हणत नाही. नीट सांभाळलेली, तिची नोंद असलेली गाडी चांगली.

पहिला कागद म्हणजे सर्व्हिस हिस्ट्री, तारीख आणि रनिंगसकट, मध्ये दोन-तीन वर्षांची पोकळी नसलेली. बिलांवरचे आकडे एकापुढे एक मांडा. मीटर मागे फिरवलेलं असेल तर तो आकडा कुठेतरी उलटा पडतो. हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेची वाहन सुरक्षा संस्था सांगते की तिथे वर्षाला साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या रनिंगवर विकल्या जातात. आणि ज्या बाजारात कमी आकड्याला एवढी किंमत आहे, तिथे मोह जास्त.

दुसरा कागद इंजिनाच्या कंप्युटरचा. पोर्शेचं काम करणारा जाणकार मेकॅनिक तो काढून देतो. त्यात इंजिन एकूण किती तास चाललं ते असतं. किलोमीटरला तासांनी भागा. ७८,००० किलोमीटर आणि १,५०० तास असतील तर सरासरी वेग ताशी ५२ किलोमीटर आला : लांबच्या, मोकळ्या रस्त्यावर चाललेली गाडी, ऑइल नीट तापलेलं. १८,०००वालीचे तास ७०० निघाले तर सरासरी २६वर येते, म्हणजे तिचं आयुष्य रहदारीत आणि उभ्या-उभ्या इंजिन चालू ठेवण्यात गेलं. आणि १,२०० तास निघाले तर सरासरी १५. तिथे मी मीटरवरच शंका घेईन. याच कागदावर ओव्हर-रेव्हच्या, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे किती फिरलं त्याच्या, चढत्या सहा पायऱ्या असतात. मॅन्युअल गाडीत वरचा गिअर टाकायच्या ऐवजी चुकून खालचा पडला की इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं, आणि किती वेळा, किती तासांपूर्वी हे घडलं ते तिथे उमटतं. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर नोंदी असल्या तर मी घाबरत नाही. पाचव्या-सहाव्या पायरीवर अलीकडची नोंद असेल तर ती गाडी सोडा, किंमत कितीही उतरवली तरी. सोबत लीक-डाऊन टेस्ट करून घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघायची चाचणी. या सगळ्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे, आणि तपासणीला नाही म्हणणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

राहिला विकायचा मुहूर्त. २०१२मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये एक अभ्यास आला होता, २ कोटी २० लाखांहून जास्त जुन्या गाड्यांच्या विक्रीचा. त्यात दिसलं की दर १०,००० मैलांचा टप्पा ओलांडताच किंमत एकदम १५० ते २०० डॉलरने खाली येते, जणू त्या एका मैलात गाडी जास्त झिजली. घेणाऱ्याची नजर पहिल्या आकड्यावर अडते, एवढंच. तुमच्या वेगाने ही गाडी साडेतीन वर्षांच्या जरा पुढे १,००,०००ला टेकेल. तेव्हा मन भरलं असेल तर ९६-९७ हजारांवर जाहिरात द्या. नसेल भरलं, तर पुढे निवांत चालवा; त्यानंतरचे किलोमीटर तुम्हाला स्वस्तच पडणार आहेत.

७८,०००वालीच्या मालकाला आजच फोन करून इंजिन तासांचा अहवाल मागा. क्लच मूळचाच असेल तर तो बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोला. तेवढी घासाघीस हा तुमचा हक्क आहे. अहवाल वाईट निघाला तर १८,०००वालीकडे वळू नका, अशीच तिसरी शोधा. १० भाग खात्यात आहेत आणि कर्ज डोक्यावर नाही, थांबायला तुम्हाला कसलीच अडचण नाही.