पहिलं बाळंतपण: ठरवून सिझर करावं की कळांची वाट पाहावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, ताई. वय 27, पहिली खेप, 35 वा आठवडा, माहेर जिंतूरकडं, बाळाचं डोकं खाली, बीपी-साखर ठीक. कळांच्या भीतीनं रात्री झोप लागत नाही. नवरा म्हणतोय, ठरवून सिझर करून मोकळं होऊ. सासूबाईंनी गुरुजींकडं तारखेची चौकशीही सुरू केलीय. आई म्हणते, 'आम्हाला चार झाली, कुणी ब्लेड लावलं नाही.' आणि तुम्ही विचारताय, कुणाचं ऐकू?

मी डॉक्टर नाही, लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. पण माझं पहिलं सिझर मी स्वतःच्या तोंडानं मागून घेतलेलं आहे आणि दुसरं बाळंतपण नॉर्मल झालं. दोन्हींची चव घेतलेल्या बायका आपल्याकडं तशा कमी, म्हणून लिहायला बसले.

भीती मलाही तुमच्यासारखीच होती. चुलत बहिणीनं एक रात्र आणि एक दिवस कळा सोसल्या आणि शेवटी धावपळ करून तिचं सिझरच करावं लागलं. तिला बघून आले आणि सातव्या महिन्यातच डॉक्टरांना म्हणाले, मला कळा नकोत. ते म्हणाले, काही हरकत नाही, तारीख सांगा. दोन मिनिटांत विषय संपला. तेव्हा वाटलं, किती समजूतदार माणूस! आज वाटतं, ती दोन मिनिटं फार थोडी होती.

तारीख घरच्यांनी काढली. 2016 चा गुढीपाडवा, 8 एप्रिल. साडेतीन मुहूर्तांतला एक, आणखी काय पाहिजे? माझी डॉक्टरांनी दिलेली तारीख 22 एप्रिलची होती, म्हणजे पाडव्याला 38 आठवडे पुरे होत होते. नववा लागलाय, आता काय दोन आठवड्यांचा फरक, असं आम्ही सगळेच म्हणालो. दवाखान्यातही कुणी थांबा म्हणालं नाही.

ऑपरेशन स्वतः काहीच वाटलं नाही, खरं सांगते. पाठीत सुई, कमरेखाली पाय आपले नाहीतच असं वाटायला लागलं, मध्ये पडदा, पोटात कुणीतरी पिशवी उचकटून सामान शोधतंय असं ओढल्यासारखं, आणि पाच-सात मिनिटांत लेकराचं रडणं. शिवायलाच जास्त वेळ लागला. (त्या सुईनं जन्मभर पाठ दुखते असं बायका सांगतात, त्यात तथ्य नाही. पाठ मूल कडेवर घेऊनच दुखते.) पण तासाभरात बाळ भराभर श्वास घ्यायला लागलं, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. दोन दिवस पेटीत. मी वरच्या मजल्यावर, लेकरू खाली, आणि छाती दुधानं दगड झालेली.

का झालं, ते मला चार वर्षांनी कळलं. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसात पाणी असतं. कळा सुरू झाल्या की अंगातल्या संप्रेरकांमुळं ते पाणी आटायला, शोषलं जायला लागतं. कळांच्या आधीच बाळ काढलं तर ते काम अर्धवट राहतं, आणि 39 आठवड्यांच्या आधी काढलं तर श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त. म्हणून ठरवून करायचं सिझर, दुसरं काही कारण नसेल तर, 39 आठवडे पुरे झाल्यावर करतात. ही एक ओळ कुणी मला सांगितली असती तर मी पाडवा सोडला असता.

पाचव्या दिवशी सटवाईची पूजा दवाखान्याच्या खोलीतच, स्टुलावर कोरा कागद आणि पेन ठेवून झाली. त्याच दिवशी, 12 एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. सगळं गाव ती बघायला गेलेलं. मी खाटेवरून उठताना पोटावर उशी दाबून धरायची शिकत होते.

आणि खरा हिशोब इथून पुढं सुरू झाला, जो कुणीच आधी मांडत नाही. सिझरनंतर सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका म्हणतात. पाण्यानं भरलेली घागर दहा-बारा किलोची. त्या उन्हाळ्यात टँकर कधी येईल त्याचा नेम नव्हता, आला की गल्लीत पळापळ. माय गुडघ्यांनी बेजार. तिसऱ्या आठवड्यात एकदा घरात कुणी नव्हतं आणि टँकर आला. मी दोन घागरी उचलल्या. टाक्याच्या एका कोपऱ्यातून पाणी यायला लागलं आणि पुढं दहा दिवस ड्रेसिंग. चूक माझीच, पण अशा चुका आपल्या घरांत ठरलेल्याच असतात. म्हणून सिझर की नॉर्मल हे विचारताना आधी बघा, की सव्वा महिना तुमच्या वाट्याचं पाणी कोण भरणार आहे. 'बघू की, होईल कसंतरी' हे उत्तर आलं तर ते सिझरच्या विरोधातलं एक मत समजा.

आता उलट बाजू, नाहीतर तुमची आई हे वाचून खूश होईल. ठरवून केलेलं सिझर आणि 'नॉर्मल' यांची तुलना लोक करतात, पण नॉर्मल तुमच्या हातात नसतं. तुमच्या हातात फक्त नॉर्मलचा प्रयत्न असतो. तो सुरळीत पार पडेल, किंवा चिमटा-व्हॅक्यूम लावावा लागेल, किंवा माझ्या चुलत बहिणीसारखं कळा सोसून शेवटी सिझर होईल. आणि कळांच्या मध्येच घाईनं केलेलं सिझर हे ठरवून केलेल्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं. ठरवून सिझर मागणाऱ्या बाईच्या बाजूनं बोलायचं तर हा सगळ्यात खरा मुद्दा आहे. शिवाय खालचे टाके, क्वचित मागच्या बाजूपर्यंत गेलेली चीर, पुढं शिंकताना लघवी गळणं, अंग बाहेर येणं, हे योनीमार्गे बाळंतपणानंतर जास्त दिसतं. आपल्या आज्या-मावश्यांना ते होतं, पण त्या बोलत नाहीत. तुमच्या आईला एकदा एकांतात विचारून बघा.

सिझरचा धोका मात्र आजच्यापेक्षा उद्या जास्त. आज रक्तस्राव थोडा जास्त, जखम पिकणं, पायात रक्ताची गाठ होणं, हे आहेच. म्हणून तर दुसऱ्या दिवशी रडत का होईना चालायला लावतात. पण गर्भपिशवीवर एक व्रण राहतो. पुढच्या खेपेला वार (पोटात बाळाला पोसते ती, नाळ जिला जोडलेली असते) त्या व्रणावर येऊन चिकटू शकते, खोल रुतू शकते, आणि तसं झालं तर बाळंतपणात इतकं रक्त जातं की कधी पिशवीच काढावी लागते. एका सिझरनंतर हे क्वचित, पण दुसऱ्या-तिसऱ्यानंतर ती शक्यता चढत जाते. म्हणजे पहिल्या वेळी तुम्ही एका बाळंतपणाचा निर्णय घेत नसता, पुढच्या सगळ्यांचा घेत असता. एकच मूल हवं असेल तर हे पारडं पुष्कळ हलकं होतं. दोन-तीन हवी असतील तर जड. तुम्ही प्रश्नात हे लिहिलंच नाही. नवरा-बायकोनं आधी हे बोला.

माझं दुसरं 2020 साली, नांदेडला. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, 'मागचा चिरा पिशवीवर कसा घेतलाय?' मी पोटावरची आडवी रेघ दाखवली. त्या हसल्या. म्हणाल्या, वरून आडवा असला म्हणजे आतून आडवाच असतो असं नाही, कागद आणा. आतला चिरा पिशवीच्या खालच्या भागात आडवा असेल तरच कळांची वाट पाहता येते. उभा असेल तर नाही. तो कागद मिळवायला आमच्या ह्यांना जुन्या दवाखान्यात तीन चकरा माराव्या लागल्या. तुमचं काहीही झालं तरी डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून ठेवा.

कागदावर आडवा निघाला. डॉक्टरबाईंनी आकडे सरळ सांगितले. एका सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या शंभर बायकांपैकी साधारण साठ ते ऐंशी जणींना जमतं, पण दोनशेत एखादीचा जुना व्रण कळांच्या जोरानं उसवतो, आणि तसं झालं तर काही मिनिटांत पोट उघडावं लागतं. म्हणून जिथं ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त तिथंच असेल अशाच दवाखान्यात. मी पहिल्या वेळी दोन मिनिटं बोलले होते, इथं पाऊण तास बोलले.

अकरा तास कळा आल्या. दुखतं का? हो, फार दुखतं. कंबर कुणीतरी पिळून काढतंय असं. पण एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती: कळ येते आणि जाते. मधल्या वेळात मी चक्क डुलकी काढली, चहा प्यायले, जावेला शिव्या दिल्या. पिशवीचं तोंड चार बोटं उघडेपर्यंत वेळ सरता सरेना, पुढचं भराभर झालं. मुलगी झाली, टाके पडले, तिसऱ्या दिवशी घरी. आणि हो, पुढं सहा-सात महिने खोकला आला की लघवी सुटायची. व्यायामानं गेली. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर नॉर्मल म्हणजे फुलांची परडी असं वाटायचं.

आता कारणाबद्दल. वैद्यकीय कारण असेल तर वाद घालू नका. माझ्या जावेची वार खाली, पिशवीच्या तोंडावर होती. तिथं सिझर नसतं तर ती आणि लेकरू दोघंही गेली असती. बाळ आडवं असणं हेही तसंच. पण 'नाळ गळ्याभोवती आहे' एवढंच ऐकून घाबरू नका. चार-पाच बाळांत एकाच्या गळ्यात नाळेचा वेढा असतोच आणि बहुतेक नॉर्मल जन्मतात. 'पाणी कमी झालंय' म्हणाले तर किती, आणि बाळाचे ठोके कसे आहेत, ते विचारा. कारण खरं असलं तर डॉक्टर ते समजावून सांगतात.

मी उगाच संशय घेत नाहीये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 21.5 टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात. सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के, खाजगीत 47.4. हा फरक विचित्र वाटतो. आणि आपण मराठवाड्यातली माणसं. बीडकडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 ला उघडकीला आलं, ते विसरलो नाही अजून. पण सगळे डॉक्टर तसे नाहीत, हेही तेवढंच खरं. नांदेडच्या बाईंना माझं सिझर करणं जास्त सोयीचं होतं, तरी त्या रात्रभर थांबल्या.

तुमच्या गावाचं बघा. माहेर जिंतूरपासून आत किती आहे? तालुक्याच्या ठिकाणी पुष्कळदा भूलतज्ज्ञ बाहेरून येतो. रात्री दोनला तो किती वेळात पोचतो, रक्त कुठून आणतात, हे आत्ताच विचारून ठेवा. उत्तर समाधानाचं नसेल तर शेवटचे दहा-पंधरा दिवस परभणीत कुणा नातेवाइकाकडं राहा. पैशाची काळजी असेल तर सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल असो की सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत असते.

आता भीती. झोप उडवणारी भीती ही 'नखरे' नव्हे, ती डॉक्टरांना तशीच सांगा. पाठीत बारीक नळी बसवून कळांपुरती भूल देण्याची सोय मोठ्या शहरांतल्या काही दवाखान्यांत असते. शुद्ध राहते, दुखणं बरंच कमी होतं. कळांच्या वेळी एक बाई सोबत ठेवू देतात का, हेही विचारा. मला जाऊ होती म्हणून निभावलं.

तुमच्या जागी मी असते, बाळाचं डोकं खाली, तब्येत चांगली आणि पुढं आणखी मूल हवं असतं, तर कळांची वाट पाहिली असती. हे सगळं विचारूनही मन मानत नसेल तर सिझर मागा, आणि मग त्याची लाज बाळगू नका. मीही बाळगत नाही. पुढच्या तपासणीला नवऱ्याला बाहेर बाकावर बसवू नका, आत घेऊन जा. आणि सासूबाईंना गुरुजींकडून तारीख काढायचीच असेल, तर 39 आठवडे कधी पुरे होतात ते एका चिठ्ठीवर लिहून द्या आणि सांगा, मुहूर्त त्याच्या पुढचा बघायचा.