वाचकांचे प्रश्न : अभयारण्याची हद्द आणि तिच्याखालचे खनिज

खाणी, तेलविहिरी आणि संरक्षित वने यांच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांतील प्रश्न या वेळी निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे आजोबा आणि वडील दोघेही वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) खाणीत कामाला होते, त्यामुळे आमचे घर कोळशावरच उभे राहिले. ताडोबाच्या आसपास नव्या खाणीचे नाव निघाले की विरोध सुरू होतो. मात्र इथल्या कोळशावर तयार होणारी वीज सगळ्या राज्याला हवी असते. जंगल आणि खाण यांचा समतोल साधता येतो, असे आपण खरोखर मानता का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : आपल्या पत्रातील तक्रार रास्त आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. त्याची राख आणि धूळ चंद्रपूरकरांच्या वाट्याला येते आणि वीज राज्यभर जाते. खाणीला विरोध करणाऱ्याने ही विषमता आधी मान्य करावी आणि मगच पुढचे बोलावे, असे मला वाटते.

समतोल साधता येतो, असे माझे उत्तर आहे. मात्र तो प्रत्येक प्रस्तावागणिक साधू पाहणे ही पद्धतच चुकीची आहे. एका बाजूला कोळशाचे टन, रोजगार आणि महसूल व दुसऱ्या बाजूला काही हेक्टर जंगल असा हिशेब मांडला, तर जंगल जवळजवळ प्रत्येक वेळी हरते, कारण एका प्रस्तावातले जंगल नेहमी थोडेच असते. असे दहा प्रस्ताव मंजूर झाल्यावर किती जंगल गेले, याची बेरीज कोणत्याच फायलीत नसते. म्हणून कोठे खोदायचे नाही हे खनिजाची किंमत समोर येण्यापूर्वी नकाशावर ठरले पाहिजे, आणि घासाघीस करायची ती उरलेल्या जागी, खाण कशी चालवावी याबद्दल करावी.

हा प्रयत्न आपल्या देशात एकदा झालेला आहे. २०१० च्या सुमारास पर्यावरण आणि कोळसा या दोन मंत्रालयांनी मिळून नऊ कोळसाक्षेत्रांचे नकाशे वनाच्छादनाच्या नकाशांवर ठेवून पाहिले आणि कोळसापट्ट्यांची ‘गो’ व ‘नो-गो’ अशी विभागणी केली. ज्या पट्ट्यात एकूण वनाच्छादन तीस टक्क्यांहून अधिक, किंवा दाटपणा लक्षात घेऊन काढलेले भारित आच्छादन दहा टक्क्यांहून अधिक, तो पट्टा ‘नो-गो’. आपले वर्धा खोरेही त्या नऊ क्षेत्रांत होते. निकष ढोबळ होता, कारण त्यात पाणी, वन्यप्राण्यांचे मार्ग किंवा तिथे राहणाऱ्यांचे हक्क यांचा विचार नव्हता. तरीही खोदण्याआधी नकाशा पाहण्याची पद्धत त्यातून रूढ झाली असती. वीज आणि पोलाद उद्योगाच्या दबावापुढे ती विभागणी वर्षभरातच मोडीत निघाली. छत्तीसगडमधील हसदेव अरण्य हे पूर्ण क्षेत्र ‘नो-गो’ ठरले होते, तिथेच २०११ मध्ये परसा पूर्व-केते बासन खाणीला, वन सल्लागार समितीची शिफारस प्रतिकूल असताना, मान्यता मिळाली. खाण जंगलाच्या कडेला आहे, हे तेव्हा दिलेल्या कारणांपैकी एक होते. त्यानंतर त्या जंगलात आणखी खाणी आल्या.

आता ताडोबाकडे येतो. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आहे आणि तो कायद्याने पुरेसा सुरक्षित आहे. खरा वाद गाभ्याबाहेर आहे, कारण तरुण वाघ वयात आला की त्याला स्वतःचे क्षेत्र शोधण्यासाठी बाहेर पडावेच लागते. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यापर्यंत चालत आलेला ‘जय’ नावाचा वाघ आपल्या सर्वांना आठवत असेल. तो ज्या शेतांतून, नाल्यांतून आणि प्रादेशिक वनातून आला, त्यातला फार थोडा भाग अभयारण्याच्या हद्दीत होता. चिमूरजवळचा बंदर कोळसापट्टा ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला यांच्यामधल्या अशाच भ्रमणमार्गावर आहे. २०२० मध्ये व्यावसायिक लिलावासाठी जाहीर झालेल्या ४१ पट्ट्यांत त्याचे नाव होते. राज्यातून आक्षेप घेतला गेल्यावर ते यादीतून वगळण्यात आले. त्याआधी २००९ मध्ये लोहारा येथील खाणीचा प्रस्तावही चंद्रपूरकरांच्या विरोधानंतर केंद्राने पुढे जाऊ दिला नव्हता. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात, पण दोन्ही वेळा निर्णय आंदोलनावर अवलंबून राहिला, हे योग्य वाटत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-ओ नुसार व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या क्षेत्रांचा अशाश्वत वापर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मान्यतेशिवाय होऊ नये, अशी तरतूद आहेच. तिचा आधार घेऊन विदर्भातले भ्रमणमार्ग कोळसापट्ट्यांच्या नकाशावर एकदाच आखले, तर उरलेल्या पट्ट्यांत खाण काढणाऱ्यालाही खात्री मिळेल आणि आपल्यासारख्या कुटुंबांना दर निवडणुकीला नवी आशा आणि नवी भीती वाटणार नाही. वाघांचा वावर आता दुर्गापूर आणि ऊर्जानगरसारख्या कोळसा-विजेच्या वसाहतींपर्यंत आला आहे, हेही विसरून चालणार नाही. मार्ग तुटला तर त्याचा पहिला ताप खाणकामगाराच्याच वस्तीला होतो.

प्रश्न : आमच्या भागात खाण बंद आहे आणि त्याचे एक कारण म्हणून अभयारण्याभोवतीचा एक किलोमीटरचा पट्टा सांगितला जातो. एकच किलोमीटर का? त्याला काही शास्त्रीय आधार आहे की न्यायालयाने सोयीचा आकडा निवडला? (एक वाचक, सांगे, गोवा)

उत्तर : हा आकडा कोणत्याही प्राण्याच्या फेरफटक्यावरून किंवा भूजलाच्या मोजणीवरून आलेला नाही, तो सावधगिरीचा आकडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २००६ च्या आदेशात खाणकामासाठी तो तात्पुरता घातला. पुढे गोव्याच्या खाणींवरील २१ एप्रिल २०१४ च्या निकालात तोच कायम ठेवला गेला. ३ जून २०२२ रोजी न्यायालयाने देशातील प्रत्येक संरक्षित क्षेत्राभोवती किमान एक किलोमीटरचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र असावे असे म्हटले, तेव्हा वाड्यावस्त्यांतून मोठी ओरड झाली, आणि २६ एप्रिल २०२३ रोजी ती सरसकट अट मागे घेण्यात आली. खाणकामाबाबत मात्र न्यायालय मागे हटले नाही : राष्ट्रीय उद्यान व अभयारण्यात आणि त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत देशात कोठेही खाण चालणार नाही. घर, शेत आणि हॉटेल यांच्याबद्दल स्थानिक परिस्थिती पाहून ठरवावे, पण खाणीबद्दल ठराविक रेघ असावी, हा भेद मला पटतो.

गोव्यात एक किलोमीटर अपुरा पडण्याची शक्यताच अधिक आहे. इथल्या लोहखनिजाच्या खाणी उघड्या आणि खोल आहेत. बऱ्याच ठिकाणी त्या भूजलपातळीच्या खाली गेल्या, त्यामुळे खड्ड्यातले पाणी पंपाने सतत उपसावे लागले आणि आजूबाजूच्या विहिरी आटल्या. एक टन खनिजासाठी अडीच-तीन टन माती काढून बाजूला रचली जाते, आणि त्या ढिगाऱ्यांवर आपला पाऊस पडतो. ती माती ओहोळांतून शेतात उतरते. दक्षिण गोव्याला पिण्याचे पाणी देणारे साळावली धरण आपल्याच तालुक्यात आहे, तेव्हा त्याच्या पाणलोटात काय चालते याला नेत्रावळी अभयारण्याच्या हद्दीइतकेच महत्त्व आहे.

खाणबंदीचा संपूर्ण दोष अभयारण्यांवर टाकणे मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. २०१२ मधील बंदी शाह आयोगाने दाखवलेल्या बेकायदा खाणकामामुळे आली आणि २०१८ ची बंदी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरल्यामुळे. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये त्यापूर्वी, १९९९ मध्ये, राष्ट्रपती राजवटीत राज्यपाल जेकब यांच्या काळात जाहीर झाली होती. निवडून आलेल्या सरकारने ती जाहीर केली असती का, याबद्दल मला शंका आहे.

रेघ आखली की ती हलवण्याचे प्रयत्न होतात, याकडेही लक्ष वेधतो. राजस्थानात सरिस्काच्या व्याघ्र अधिवासापासून एक किलोमीटरच्या आतील खाणी बंद करण्याचा आदेश २०२४ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी त्या अधिवासाच्या हद्दीची फेररचना करण्याचा प्रस्ताव आला, ज्यामुळे त्यांतल्या अनेक खाणी पुन्हा सुरू होऊ शकल्या असत्या. त्यातील घाईबद्दल सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केली. ओमानने तर तेल सापडल्यावर अरबी ओरिक्स या हरणासारख्या प्राण्याचे अभयारण्य नव्वद टक्क्यांनी लहान केले. परिणामी २००७ मध्ये ते जागतिक वारसा यादीतून काढून टाकण्यात आले. त्या यादीतून एखादे स्थळ वगळले जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

प्रश्न : तेलाच्या बाबतीत आता बाहेरून तिरकी विहीर खणून उद्यानाच्या खालचे तेल काढता येते, असे ऐकतो. वर एक झाडही तोडावे लागत नसेल, तर आक्षेप कशाला? (एक अभियंता वाचक, नाशिक)

उत्तर : तंत्र खरे आहे आणि उपयुक्तही आहे. विहिरीचे तोंड हद्दीबाहेर ठेवून काही किलोमीटर आडवे जाता येते. रस्ते, छावण्या आणि वाहिन्या उद्यानाबाहेर राहतात. आसाममधील दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या खाली अशाच पद्धतीने सात ठिकाणी खोदकाम करण्यास ऑइल इंडियाला ११ मे २०२० रोजी पर्यावरण मंजुरी मिळाली. सोळा दिवसांनी, २७ मे रोजी, त्याच कंपनीच्या बागजान येथील एका विहिरीचा स्फोट झाला. ती नव्या सातांपैकी नव्हती, जुनी उत्पादक विहीर होती आणि तिच्यावर दुरुस्तीचे काम चालू होते. उद्यानापासून अंतर एक किलोमीटरहूनही कमी. वायू आणि द्रवरूप कंडेन्सेट मागुरी-मोटापुंग या पाणथळीवर पसरले, ९ जूनला विहिरीने पेट घेतला, दोन अग्निशामक कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला, घरे जळाली, हजारो लोक मदत छावण्यांत गेले. विहीर पूर्णपणे शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला.

म्हणून जमिनीवर झाड तुटते की नाही, एवढ्यावर निर्णय घेता येत नाही. विहिरीचे तोंड जिथे असते तिथेच अपघात होतो. आणि ते हद्दीपासून किती दूर असावे, खालच्या अंगाला पाणथळ किंवा गाव आहे का, विहीर आवरण्याची यंत्रणा किती तासांत पोहोचेल, हे प्रश्न मंजुरीच्या वेळीच विचारायला हवेत. ते विचारण्याची लोकांची जागा म्हणजे जनसुनावणी. पण जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने तेल व वायूच्या शोधासाठीच्या खोदकामाला जनसुनावणीतून सूट दिली. आडव्या विहिरीच्या तंत्राला माझा विरोध नाही. ही सूट मात्र मला धोक्याची वाटते.

याच संदर्भात इक्वेडोरच्या यासुनी उद्यानाबद्दल दोघा वाचकांनी विचारले आहे. तिथल्या सरकारने २००७ मध्ये असे सुचवले की जगाने ३.६ अब्ज डॉलर, म्हणजे अपेक्षित उत्पन्नाच्या निम्मी रक्कम, द्यावी आणि तेल जमिनीखालीच राहू द्यावे. हाती जेमतेम १.३ कोटी डॉलर आल्यावर २०१३ मध्ये योजना सोडून देण्यात आली आणि २०१६ पासून तेल निघू लागले. २०२३ च्या सार्वमतात मात्र सुमारे ५९ टक्के मतदारांनी ते तेल जमिनीतच ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. श्रीमंत देशांच्या औदार्यावर उभी केलेली योजना टिकली नाही, पण स्वतःचे उत्पन्न बुडेल हे ठाऊक असूनही तिथल्या नागरिकांनी जो निर्णय घेतला, तो मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या खाणीच्या विस्तारासाठी जनसुनावणी होणार आहे. शेजारी अभयारण्य आहे. सामान्य माणसाने तिथे काय करावे? (एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि पर्यावरणीय आघात अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तो मराठीत मिळाला नसेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी मागणी करून पोच घ्यावी. अहवालातील प्राण्यांची यादी आणि नाल्यांचा नकाशा गावातील गुराखी व मासेमार यांना वाचून दाखवावा; त्यात नसलेला नाला, पाणवठा किंवा प्राणी यांची नोंद तारखेसह करून लेखी निवेदनाला जोडावी, कारण भाषणापेक्षा अशी ठोस हरकत डावलणे मूल्यांकन समितीला अवघड जाते. खाणपट्ट्याच्या जवळच्या टोकापासून अभयारण्याच्या हद्दीपर्यंतचे अंतर किती, हे थेट विचारावे आणि उत्तर नोंदवून घ्यावे. अहवालात पुष्कळदा हे अंतर पट्ट्याच्या मध्यबिंदूपासून मोजलेले आढळते. सुनावणी संपताना कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेत उपस्थितांना वाचून दाखवण्याची तरतूद आहे. तोवर बहुतेक लोक घरी निघून गेलेले असतात, तेव्हा आपल्या गावातील काही जणांनी तो वाचून होईपर्यंत मंडपातच थांबावे आणि आपली हरकत त्यात आली नसेल तर तिथल्या तिथे तसे सांगावे.