पोस्टडॉक म्हणजे अजून शिक्षणच का?

प्रश्न: मुलगी बॉटनीत पीएचडी झाली, वय ३०. आता अमेरिकेत नेब्रास्काला दोन वर्षांचं पोस्टडॉक मिळतंय. किडे झाडं खातात त्याने झाडांची संख्या कमी होते का, असा काहीतरी विषय आहे. आम्ही शेतकरी माणसं. अजून किती शिकणार, नोकरी कधी, लग्न कधी? (एक वडील, कराड तालुका)

काका, नमस्कार. पहिलं म्हणजे पोस्टडॉक हे शिक्षण नाही. फी नाही, परीक्षा नाही, डिग्री नाही, महिन्याला पगार येतो. पीएचडीनंतरची कॉन्ट्रॅक्टची संशोधनाची नोकरी आहे ती. त्यामुळे भावकीत कोणी विचारलं तर "अजून शिकतेय" म्हणू नका, "रिसर्चला आहे" म्हणा, निम्मं टेन्शन तिथंच जाईल. पण कॉन्ट्रॅक्ट संपतं हेही खरं, आणि मला काळजी त्याची आहे, विषयाची नाही.

विषय तर तुमच्या बांधावरच आहे हो. पावसाळ्यात गाजर गवतावर मळकट पांढरे, पाठीवर काळपट रेघा असलेले भुंगे दिसतात ना, पानांची पार चाळण करतात? ते मेक्सिकोतून आणलेले, १९८४ मध्ये बंगळुरूला पहिल्यांदा सोडले. आता तुम्हीच सांगा, यंदा भुंग्यांनी गवत खाल्लं म्हणून पुढच्या जूनला कमी उगवतंच असं आहे का? नाही, कारण मातीत आधीचं बी पडून असतं. पान खाल्लं जाणं वेगळं आणि झाडं कमी होणं वेगळं, तुमची मुलगी या दोन्हीमधला हिशोब लावणार आहे.

आणि नेब्रास्का म्हणजे या कामाची जुनी जागा. तिथल्या सँड हिल्स भागात आपल्या उंटकटाऱ्याच्या लांबच्या नात्यातलं एक रानटी काटेरी झाड आहे. स्वाटा लाउडा नावाच्या संशोधक बाईंनी काही झाडांवर कीटकनाशक मारलं, काहींवर नुसतं पाणी. औषध मारलेल्यांना बी जास्त धरलं, त्यातून रोपं जास्त आली आणि पुढे फुलणारी झाडंही वाढली, म्हणजे किडेच त्या झाडाला आवरून धरत होते. पुढची गोष्ट अजून भारी आहे. दुसऱ्या एका परदेशी काटेरी तणावर उपाय म्हणून १९६० च्या दशकाच्या शेवटी युरोपातून एक सोंड्या भुंगा आणून सोडला होता, तो १९९३ मध्ये या गरीब स्थानिक झाडाच्या फुलातलं बी खाताना सापडला. १९९७ ला ते 'सायन्स' या नामांकित संशोधन नियतकालिकात छापून आलं.

आता खरी गोम. ते झाड काही वर्षं वाढतं, एकदाच फुलतं आणि मरतं. तुमच्या मुलीचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं! म्हणजे ती जे झाड मोजायला लागेल ते फुलायच्या आत तिचं विमानाचं परतीचं तिकीट निघेल. म्हणून सहीच्या आधी तिने विचारायलाच हवं की तुमच्याकडे नंबर लावलेल्या झाडांच्या जुन्या नोंदी किती वर्षांच्या आहेत आणि त्या मला वापरता येतील का. असतील तर पहिल्याच हिवाळ्यात ती त्यावर गणिताचं मॉडेल बसवून संशोधनाचा पेपर लिहायला घेईल, नसतील तर दोन वर्षं नुसते खुंट ठोकण्यात जातील. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचं हेच झालं, दोन सीझन उन्हात रोपं मोजली आणि पेपर आला तेव्हा याचं नाव पाचवं. तिसऱ्या वर्षाचे पैसे आहेत का, पेपरवर पहिलं नाव कोणाचं, हेही ईमेलवर लेखी घ्या, फोनवरचं बोलणं धरू नका.

परत आल्यावर विचाराल तर बंगळुरूला कीटकांवर आणि जबलपूरला तणांवर काम करणाऱ्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्था आहेत, पण तिथल्या भरतीत बॉटनीची डिग्री चालते का ते जुन्या जाहिराती काढून आत्ताच बघा. इन्स्पायर फॅकल्टी ही केंद्र सरकारची पाच वर्षांची फेलोशिप आहे, तिला वयाची अट असते आणि मुलगी परत येईल तेव्हा ३२ ची असेल, तेव्हा मुलींना त्यात किती सूट आहे आणि अर्ज कधी टाकायचा ते आत्ताच बघून ठेवा. प्राध्यापक भरती कधी निघेल ते मी काय सांगणार, ते कोणालाच माहीत नसतं. आर (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) आणि आकडेमोड मात्र तिने पक्की करावी, किड्यांचा विषय सुटला तरी ती कुठेही चालते.

लग्नाचं माझं खातं नाही काका, ते तिलाच विचारा. त्या प्रोफेसरचं जुन्या नोंदींबद्दल काय उत्तर येतं ते मला कळवा, मग सही करायची की नाही ते बोलू.