किंडलवर विकत घेतलेलं पुस्तक मित्राला वाचायला देता येतं का?

छापील पुस्तक देतो तसं ई-पुस्तक देता येतं का, असं तुम्ही विचारलंय. येतं, पण किंडलसकट, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रासकट. मी तेच केलं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालचं, वाचनालय आहे, ते संध्याकाळी दोन तास मी सांभाळतो. दिवाळीनंतर शेजारच्या काकांनी एक पुस्तक मागितलं. वाचनालयात नव्हतं, माझ्या किंडलवर होतं. दिलं यंत्रच. काका ते जागलीला शेतात घेऊन गेले. मागितलं एक आणि गेलं अख्खं कपाट! पंधरा दिवस माझी सगळी पुस्तकं मचाणावर बसून रानडुकरं हाकलत होती.

छापील पुस्तक घेतलं की ती प्रत तुमची. १९५७चा कॉपीराइट कायदा नवी प्रत काढायला अडवतो. बाजारात आलेली प्रत तुम्ही कोणाला वाचायला दिली, हे विचारत नाही. ई-पुस्तकाचे पैसे मोजून मिळतो तो वाचायचा परवाना. २००९ मध्ये विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते असं कळल्यावर अ‍ॅमेझॉनने इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसली होती. पैसे परत दिले, पण पुस्तक परत द्यायची तयारी दाखवली ती ओरड झाल्यावरच.

अमेरिकेतल्या वाचनालयांना हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने २०११ मध्ये सांगितलं, ई-पुस्तक २६ वेळा दिलं की परवाना पुन्हा विकत घ्या. आमच्याकडे शिवण सुटलेली, खळ लावून चिकटवलेली पुस्तकं आहेत. त्यांचं रजिस्टर पाहिलं तर त्या प्रकाशकाला झोप लागायची नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवणं म्हणजे वाचायला देणं नव्हे बरं का. तुमची प्रत तुमच्याकडेच राहते आणि तिकडे दुसरी तयार होते. लेखक जाऊन ६० वर्षं उलटली असतील तर मात्र बिनधास्त पाठवा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून मोकळं आहे.

किंडल परत आलं तेव्हा कव्हरच्या खाचेत कापसाचे तंतू अडकले होते. “वाचून झालं बावा, शेवट तं लय भारी हाय,” काका म्हणाले. मी उघडून पाहिलं. खाली कोपऱ्यात आकडा होता, ३८ टक्के. छापील पुस्तकाने ही चहाडी केली नसती. मी गुपचूप पान पहिल्यावर नेलं आणि काकांना चहा विचारला.